बाह्या लावायच्या राहिल्यात

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं धड सध्या आमच्या वर्गात खिडकीपाशी उभं आहे. घाबरू नकोस, बाईसाहेबांबद्दल बोलतेय. दुकानातला शिवणाचा पुतळा गं, लाकडी पायावरचा, डोक्याच्या जागी नुसता गोटा असलेला. शाळेत असताना त्या गोट्यावर तू मिशा काढल्या होत्यास आणि मार मी खाल्ला होता. मिशा अजून पुसट दिसतात.

त्यांना हातगाडीवर आडवं घालून कॉलेजात आणलं. वाटेत एकाने विचारलं, "हिला कुठे नेताय?" म्हटलं, "शिकायला." तो हसला नाही. आई असती तर हसली असती.

आईला जाऊन आता पाच महिने होतील. दुकान बंद आहे, मी मागच्या खोलीत राहते. हे तुला माहीत आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

पत्र लिहायचं कारण परवानगी. शेवटच्या वर्षाला आम्हाला एक खोली देतात. तिच्यात वस्तू अशा मांडायच्या, की आत फिरताना माणसाला काहीतरी उमगावं. त्याला इन्स्टॉलेशन म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला आईला समजावून सांगितलं होतं, तर म्हणाली, "म्हणजे मांडामांड. चार वर्षं शिकून मांडामांडच करायची होती, तर घरातली भांडी लावायचीस की." माझा विषय आहे शरीर आणि आठवण. तो ऐकून कुणाचीही भुवई वर गेली नाही, कारण निम्म्या वर्गाचा तोच आहे.

आता तुला जे माहीत नसेल ते सांगते. तू घर सोडून गेल्यावर आईने बाईसाहेबांना दुसऱ्या कुणाचं माप लावलंच नाही. आधी कसं, गिऱ्हाईक बदललं की त्यांचं अंग बदलायचं. हवा तिथे कापूस ठेवायचा, वरून जुन्या चादरीचा तुकडा ताणून शिवायचा, काम झालं की उसवायचं. सकाळी डॉक्टरीणबाई, दुपारी मुख्याध्यापिका. तू गेलीस तेव्हा आईने तुझं माप लावलं आणि ते कधी उसवलं नाही. उलट दर वर्षी तुझ्या वाढदिवसाच्या सुमाराला वर एक थर चढवायची. "या वयात अंगाने भरते बाई," म्हणायची. किंवा, "आता पोट जरा सुटलं असेल, खुर्चीवरचं काम ना तिचं." मग त्या मापाचा एक ड्रेस शिवायची. ते सगळे ट्रंकेत आहेत.

एकालाही बाह्या लावलेल्या नाहीत. बाह्या कापलेल्या आहेत, जरा मोठ्याच, आणि त्या त्या ड्रेसच्या घडीत ठेवलेल्या आहेत. बाही जोडायचे मुंढे मात्र उघडे. मला वाटायचं, वयामुळे विसरते. एकदा विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं तिने, की मीच अडाणी. "बाईसाहेबांना हात कुठे आहेत? बाही अंदाजाने लावली की माणसाला हात वर करता येत नाही. हात तिचे तिच्याकडे आहेत. आली की लावू."

मला ते कापसाचे थर उसवायचे आहेत. एकेक थर काढून ओळीने टांगायचा, म्हणजे खोलीच्या या टोकाला तू गेलीस तेव्हाची फूटपट्टीसारखी सडपातळ तू आणि त्या टोकाला आत्ताची तू, असं दिसेल. टाके आईचे आहेत, पण अंग तुझं आहे. म्हणून विचारते, उसवू का?

चिंधी


१५ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. रोज कॉलेजातून आल्यावर दाराच्या फटीखाली हात घालून बघते.

वर्गात मला सध्या कुणी सुखाने जगू देत नाही. आमच्यातल्या एकाला सगळे प्लॅस्टर म्हणतात, कारण तो चार वर्षं स्वतःच्याच अंगाचे साचे काढतोय. कोपर, टाच, कान. परवा पाठीचा साचा काढताना पाठीवरचे केस आत अडकले आणि त्याने जी बोंब मारली, तिने ग्रंथालयातली माणसं बाहेर आली. पण त्याचं म्हणणं मला पटलं होतं. तो म्हणतो, साचा म्हणजे शरीर गेल्यावर मागे राहिलेली जागा, आणि आठवण म्हणजे तेच. मी लगेच ते माझ्या वहीत उतरवून घेतलं.

मग आले ‘पण का?’ सर. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. तुम्ही जन्माचं काम करून त्यांच्यासमोर ठेवा, ते चष्मा काढतात, पुसतात, आणि विचारतात, "पण का?" माझ्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

"तुझ्या आईने पोकळी केली की भर घातली?"

"भर घातली."

"मग मित्राचं वाक्य कशाला उसनं आणतेस? आणि उसवायचं म्हणतेस. पण का?"

"आत काय आहे ते दिसावं म्हणून."

"आत काय आहे?"

"कापूस."

"मग?"

घरी येऊन रागाने आईच्या मशीनवर बसले आणि उलटसुलट टीप मारत राहिले. सर म्हणाले ते खरं होतं. आपल्याकडे माणूस गेलं, तरी जागा रिकामी राहिली नाही, आईने ती कापसाने भरली. दर वर्षी थोडी थोडी, बोटांनी दाबून दाबून. आठवण अशी वाढतही जाते, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

आणि गंमत बघ. भांडण कशावरून झालं होतं? तू रेडिमेडच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी धरलीस म्हणून. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली, आणि आई ओरडतेय, "कुणाचंही अंग न बघता हजारांनी कपडे शिवणार? मग माझ्याकडे शिकलीस काय?" आणि तू म्हणालीस, "लोकांपुढे गुडघ्यावर बसायला शिकले, तेवढं पुरे झालं." मी मशीनखाली होते. तुझ्या चपला दाराबाहेर जाताना दिसल्या. मापाशिवाय कात्री लावायची नाही, दोन्ही हातसुद्धा वेगवेगळे मापायचे, असं सांगणाऱ्या त्या बाईने पुढे आयुष्यात एकाच माणसासाठी न बघता कपडे शिवले. तुझ्यासाठी.

ती आजारी पडली तेव्हा मी तुला फोन केला. मागे लाउडस्पीकरवर कुणाकुणाची नावं पुकारत होते, तुमच्या कारखान्यात पाळी बदलत असणार. मी म्हटलं, आई तुझं नाव घेतेय. तू म्हणालीस, "बघते." एवढंच. एक शब्द. नंतर फोन बंद. तू आली नाहीस, ती गेली त्या दिवशीही आली नाहीस, आणि मी लोकांना सांगत राहिले की गाड्या बंद आहेत.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

चिंधी


२ मार्च

ताई,

फोनवर मेसेजमध्ये तुझे शब्द आले. "उसवू नकोस. बाकी हवं ते कर."

मी ते प्लॅस्टरला दाखवले, सरांना दाखवले, चहावाल्याला दाखवायचे तेवढे राहिले. मग नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या वर्षांनी बोललीस ती पुतळ्याची काळजी घ्यायला. आणि मग रडले. क्रम हाच होता.

उसवत नाही. तुझ्यामुळे कामाचा आराखडा कोसळला, तरी बरं वाटतंय. खरं सांगू, कात्री मी दोनदा हातात घेतली होती, आणि दोन्ही वेळा आईच्या टाक्यांपर्यंत नेऊन परत ठेवली.

आता मांडणी अशी आहे. खोलीच्या मध्यभागी बाईसाहेब. भोवती दोरीला टांगलेले तुझे ड्रेस, उघड्या मुंढ्यांचे. खिडकीखाली आपलं कापायचं टेबल, त्यावर बाह्यांच्या जोड्या एकीशेजारी एक, आणि बाजूला आईची कात्री, टेप, सुया, दोऱ्याची रिळं, जशी ती टाकून उठायची तशीच. बाकी काही नाही. दिवासुद्धा दुकानातलाच लावलाय.

पण एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. आराखड्यासाठी मी बाईसाहेबांची मापं घेत होते. पाहते तर उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता. आईच्या हातून अशी चूक होईल? बाजूने बघितलं, तर पाठीला वरच्या अंगाला किंचित बाक. मग घरी जाऊन आईचा जुना कोट आणला, तिच्या तिशीतला, कोपरं विरलेला. बाईसाहेबांच्या खांद्यावर घातला. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही.

तू तिला दिसत नव्हतीस ना. तुझं अंग आता कसं असेल याचा अंदाज बांधायला तिच्याकडे एकच अंग होतं. तुझ्या वयाची असताना आपण कशा होतो, ते आठवून ती कापूस लावत होती. खांदे तिचे, पोट तिचं, आपण झाल्यानंतर जड झालेली तिची छाती. माझ्या वर्गात महिनाभर मी ‘ताई’ म्हणून जिच्याशी बोलतेय ती आई आहे, तुझ्या वयाची आई, मी कधीच न पाहिलेली.

सरांना सांगितलं. ते "पण" म्हणाले आणि पुढचं म्हणाले नाहीत.

आता तूच सांग, तू तशी झालीस का? आईसारखी? मला खरंच माहीत नाही. रस्त्यात समोरून आलीस तर चेहऱ्याने ओळखीन, पण पाठमोरी ओळखीन की नाही सांगता येत नाही.

चिंधी


२१ मार्च

ताई,

प्रदर्शन उघडलं. पाटीवरून बरीच हमरीतुमरी झाली. बाकी सगळ्या खोल्यांत ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी आहे. मी माझ्या दारावर लिहिलं, ‘हात लावा.’ कॉलेजचे लोक म्हणाले, मोडलं तर? म्हटलं, आई कुणाला हात न लावता ओळखतच नव्हती. तोंडओळख तिला पुरत नसे, ती दंड धरून बघायची. मोडलं तर मोडू दे.

लोक काय काय करतात. एका मुलीने बाईसाहेबांच्या कमरेत हात घालून फोटो काढला. एका गृहस्थांनी निळ्या ड्रेसची किंमत विचारली आणि बाह्या लावून मिळतील का, असंही विचारलं. एक म्हाताऱ्या बाई नुसत्याच पाठीमागे उभ्या राहिल्या, हळूच पुढे झाल्या आणि त्या उतरत्या खांद्यावर कपाळ टेकून थांबल्या. मला त्यांचा हेवा वाटला. मला अजून ते जमलेलं नाही.

दारावर एक मावशी बसतात, त्यांचं काम लोकांना रांगेत आत सोडायचं. त्या मला म्हणतात, "तुझ्या खोलीतनं माणसं नाक ओढत येतात बघ. शेजारच्या खोलीत पायाचे साचे आहेत, तिथनं हसत येतात." प्लॅस्टरला हे अजून सांगितलेलं नाही.

पंचवीस तारखेला शेवटचा दिवस आहे. ये. मी सरळच म्हणतेय, ये. आईच्या वेळी तू आली नाहीस ते मी विसरलेले नाही आणि विसरल्याचं नाटकही करणार नाही. येऊन माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण तिने तुझी एवढी वाट पाहिली आणि ती वाट कशी दिसते, ते तू एकदा बघितलं पाहिजेस. तू आली नाहीस तर सव्वीसला मी बाईसाहेबांना उसवणार आहे. ही धमकी आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही.

चिंधी


२६ मार्च

ताई,

तू आलीस.

काल मी चहा प्यायला गेले होते. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. परत आले तर बाईसाहेबांची डावी बाजू सपाट. मला वाटलं कुणीतरी नासधूस केली. मावशींच्या अंगावर ओरडले, "तुम्ही इथे बसून काय करत होता?" त्या म्हणाल्या, "अगं, ती बाई काही वेडीवाकडी नव्हती. आधी सगळे कपडे बघितलेन, एकेक हातात घेऊन. मग मला विचारलं, हात लावला तर चालेल का? म्हटलं, पाटीवर तेच लिहिलंय. मग म्हणाली, उसवलं तर? म्हटलं, बाई, त्याचं काही लिहिलेलं नाही."

मग म्हणे तू टेबलावरची कात्री घेतलीस. मावशींनी सांगितलं, तू उजव्याच हाताने काम करत होतीस आणि डावा पोटाशी धरून होतीस. डावीकडचे टाके कापलेस, कापूस काढलास, चादरीचा तुकडा ओढून घेतलास आणि तिथे खाली बसून शिवलंस. कमरेलाही दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून आत घेतलंस. "मी म्हटलं, पाणी देऊ का? तर म्हणाली, नको, झालंच. कापूस पर्समध्ये घातलान आणि गेली."

मी जवळ जाऊन बघितलं. छातीच्या मधून निघून काखेपर्यंत गेलेली तिरकी शिवण. बारीक टाके. शेवटची गाठ मारून दोरा पुन्हा टाक्याखालून मागे नेलेला, आईने आपल्या दोघींना शिकवला तसा. मला तो तसा कधी जमला नाही, त्यामुळे हे कुणी केलं ते विचारायची गरजच उरली नाही. आणि शिवण तिथेच का, तेही.

मी बोट फिरवलं तिच्यावरून. मला म्हणालीस उसवू नकोस, आणि स्वतः उसवलंस.

मग एकेक लागत गेलं. सप्टेंबरातला तो फोन. लाउडस्पीकरवर पुकारली जाणारी नावं. त्या कारखान्याच्या पाळ्या नव्हत्या, हो ना? तू कुठल्यातरी हॉस्पिटलातल्या बाकावर तुझ्या नावाची वाट बघत बसली होतीस, आणि मी तुला सांगत होते की आई तुझं नाव घेतेय. तू "बघते" म्हणालीस. आणखी काय म्हणणार होतीस? इथे आई, तिथे तू, आणि मधे मी सगळ्यांना गाड्या बंद असल्याचं सांगत फिरत होते.

ताई गं. एकटीने? कुणी होतं का सोबत? ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीस तेव्हा पाणी कुणी दिलं? बाई, तुला एक ओळ लिहिता आली नाही? मी रागावलेय. खूप रागावलेय, आणि लिहिताना कागद ओला होतोय, तर शाई पसरली असेल तिथे अंदाजाने वाच.

सर खोलीत आले होते. बराच वेळ बाईसाहेबांसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी वाट बघत होते. जाताना त्यांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला किती मार्क पडले ते कळलंय, पण आता ते सांगावंसं वाटत नाही.

शरीर आणि आठवण, असं मोठ्या अक्षरांत दारावर लिहिलं होतं मी. मला वाटलं होतं आठवण शरीराला जपून ठेवते. आईने जपलं ते तिचंच अंग होतं, तुझं अंग तिकडे एकटंच काय काय सोसत होतं, आणि आमच्या दोघींच्या आठवणीला त्याचा पत्ता नव्हता. तू येऊन माप दुरुस्त केलंस. आईने हे केलं असतं. गिऱ्हाइकाचं अंग बदललं की ती कधी हळहळली नाही, टेप काढायची आणि म्हणायची, "उभी राहा सरळ, बघू."

बाईसाहेबांना घरी आणलंय. रात्रभर त्या दाराआड होत्या. आज सकाळी पहिल्यांदा मी त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं. डाव्या.

दोरीवरचा सगळ्यात टोकाचा ड्रेस आठवतो का, करड्या रंगाचा? तो तू हातात घेऊन बघितला असशील. तिचा शेवटचा. तो मी उसवलाय. तुझ्या नव्या मापाने पुन्हा कापलाय. डावीकडची छातीची चूण काढून टाकली, आतून मऊ अस्तर लावलं, म्हणजे शिवण टोचणार नाही. कंबर तू टाचण्या लावल्यास तेवढी आत घेतली. टाके आईइतके बारीक नाहीत, पण या वेळी दोरा टाक्याखालून नेलाय. तीनदा उसवून जमवलं.

बाकी सगळं झालं, एवढंच राहिलंय. तू डावा हात पोटाशी धरून होतीस, म्हणजे तो दुखत असेल, कदाचित सुजतही असेल. उजव्याचं माप डाव्याला चालणार नाही. आणि बाईसाहेबांकडून ते कळायचा काही मार्ग नाही.

रविवारी सकाळच्या बसने येतेय. टेप घेऊन येते. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसून राहीन, मशीनखाली बसायचे तशी.

बाह्या मी लावलेल्या नाहीत.

तुझी,
चिंधी